पाडायची नोकरी

अमृतच्या हाताला भोक आहे, हे इस्लामपूर-कराड रस्त्यावरच्या त्याच्या गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. तसा माणूस लाख मोलाचा. कुणाची विहिरीवरची मोटार बिघडो, कुणाचा उसाचा ट्रॅक्टर चरीत रुतो, अमृत हजर. फक्त त्याच्या हातात काही द्यायचं नाही, एवढं पथ्य गाव पाळायचं. लहानपणी त्यानं दुधाच्या किटल्या सांडल्या, पुढं गणपतीच्या आरतीचं ताट सांडलं, आणि स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्या झाल्या हातातला हारच खाली टाकला. नवरी म्हणजे पूजा, ती गालात हसली आणि पदरी पडलं पवित्र झालं म्हणून संसाराला लागली. गावात त्याला ‘निसटू’ म्हणत. चहासुद्धा कुणी त्याच्या हातात देत नसे. कप कट्ट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, उचल तिथनं.

या सगळ्यावर पहारा त्याच्या आईचा, सुलाबाईचा. बाई जिवाला जीव देणारी, पण तोंडाला विश्रांती नाही. अमृतनं शेताच्या त्या टोकाला घागर उचलली तरी या टोकाला तिला दिसायची आणि तिथून हाक यायची, “आरं सांभाळ, पाडशील!” आणि घागर पडायची. मग सुलाबाई शेजारणीला म्हणायची, बघ, मी म्हटलंच हुतं. आपलं म्हणणं खरं झाल्याचं समाधान मोठं असतं. त्यापुढं घागरीचं काय एवढं?

घागरी, कप, हार यांचं अमृतला फारसं वाटत नसे. माणसाला कशाचीही सवय होते. पण त्याला मुलगी झाली आणि सगळं बिनसलं.

पूजाचं माहेर मलकापूरचं. बाळंतपण तिकडंच झालं. अमृत बघायला गेला तेव्हा सासूनं पोरगी दाखवली ती दोन हात लांबून, सराफ बिनपैशाच्या गिऱ्हाइकाला दागिना दाखवतो तशी. बारशाला बायकांनी पोरीला पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात दिलं, शेजारच्या एका शाळकरी मुलीनंसुद्धा घेतलं, आणि बाप दारात उभा राहून बघत राहिला. नाव ठेवलं प्रांजल. तिसऱ्या महिन्यात पूजा सासरी आली तेव्हा त्याला वाटलं, आता आपलं घर, आपली लेक. पण आपल्या घरात सुलाबाई होती. पूजानं एकदा गुपचूप पोरगी त्याच्यापुढं केलीही होती. त्यानं हात पुढं केले न केले तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, “पूजा, त्येच्याकडं दिऊ नगंस गं, पाडंल!” अमृतचे हात आपोआप मागं गेले. लेक तीन महिन्यांची झाली तरी तिचं वजन किती हे बापाला माहीत नव्हतं. त्याला फार वाईट वाटायचं, आणि ते सांगायचं कुणाला हेही कळायचं नाही, कारण गाव हसलं असतं.

नोकरी होती कराडजवळच्या एमआयडीसीत. तिथली एक कंपनी लॅपटॉपच्या बॉड्या करायची; म्हणजे वरचं झाकण, खालचा तळ आणि दोन्ही जोडणाऱ्या बिजागऱ्या. आतला मेंदू दुसरीकडून यायचा. अमृत पॅकिंगला होता. खोकी भरायची, खोकी उचलायची. खोक्यात थर्माकोल असतो म्हणून त्याची नोकरी टिकली होती.

एके दिवशी मात्र तपासणी खात्याचे राजवर्धन साहेब समोर उभे असताना अमृत एक तयार लॅपटॉप टेबलावरून उचलून नेत होता. सुपरवायझर ओरडला, ए, सांभाळ, पाडशील. झालं. लॅपटॉप निसटला. अमृतनं पडता पडता तो झेलायचा प्रयत्न केला, हाताला फक्त झाकण लागलं, खालचा भाग जत्रेतल्या पाळण्यासारखा गरकन फिरला आणि कोपऱ्यावर आपटला. सुपरवायझरनं अमृतचा हिशोब करून त्याला घरी पाठवायचीच भाषा सुरू केली.

राजवर्धन साहेबांनी लॅपटॉप उचलून उलटा केला. बिजागरीजवळच्या मागच्या कोपऱ्याला तडा गेला होता. साहेब तडा बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. एवढं नुकसान बघून आनंदणारा साहेब अमृतनं पहिल्यांदाच पाहिला.

कारण असं, की साहेबांच्या नाकी नऊ आले होते. गिऱ्हाइकांकडून लॅपटॉप परत येत होते, आणि सगळ्यांना तडा एकाच ठिकाणी, या कोपऱ्यात. कंपनीत पाडायचं यंत्र होतं. ते लॅपटॉप कमरेएवढ्या उंचीवर न्यायचं, सरळ सोडायचं, आणि बॉडीला काही होत नसे. यंत्र प्रामाणिकपणे पाडतं. माणूस तसा पाडत नाही. माणूस शेवटच्या क्षणी झेलायला बघतो, निम्मं हातात धरतो, निम्मं हवेत सोडतो, आणि जे नुसतं पडून फुटलं नसतं ते वाचवायला जाऊन फोडतो. हे शहाणपण यंत्राला कुठून येणार?

साहेब म्हणाले, “आता परत पाड. तसंच.”

अमृत म्हणाला, “सायेब, सांगून न्हाई पडत. पडतं तवा पडतं.”

दुसऱ्या दिवशी अमृतची बदली तपासणीच्या खोलीत झाली. काम एकच: दिवसभर लॅपटॉप घेऊन हिंडायचं आणि जमेल तसा पाडायचा. गावात बातमी पोचली तेव्हा पारावर माणसं हसून हसून आडवी झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण खोडीला पगार मिळालेला कुणी ऐकला नव्हता.

आणि इथं नशिबानं चेष्टा केली. अमृतच्या हातून काही पडेना. एका हातात उघडा लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन तो जिने चढला, उतरला. काखेत लॅपटॉप धरून त्यानं कोपरानं दार उघडलं. चार्जरच्या वायरीत मुद्दाम पाय घातला. लॅपटॉप हाताला चिकटल्यासारखा राहिला. पाडायचं म्हणून सोडून द्यावा, तर तो यंत्रासारखा सरळ पडायचा आणि साहेब मान हलवायचे. आठवडा झाला, दुसराही संपत आला. अमृतची झोप उडाली. पॅकिंगच्या जागेवर दुसरा माणूस घेतला होता, आणि इथं पाडता येत नाही म्हणून नोकरी जायची पाळी आली होती. पडलं तरी बोलणी, नाही पडलं तरी बोलणी. माणसानं करायचं काय?

मग सुलाबाईचा फोन आला. दुपारी पोराला जेवलास का विचारायची तिची रीत होती. अमृतनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, कारण हातात लॅपटॉप होता. जेवण झालं, भाजी कसली होती झालं, मग सुलाबाईनं विचारलं हातात काय हाय. लॅपटॉप हाय, अमृत म्हणाला.

“आरं मग सांभाळ की, पाडशील!”

लॅपटॉप निसटला, झाकण हातात आलं, तळ गरकन फिरला, कोपरा फरशीवर. तडा, जिथं हवा होता तिथंच. राजवर्धन साहेब खुर्चीतून उठले. आधी त्यांनी तडा बघितला, मग फोनकडं बघितलं, मग अमृतकडं.

साहेब शिकलेला माणूस, त्यानं खात्री करून घेतली. शिपायाकडून तेच शब्द म्हणवले. अमृत नुसता दचकला. सुपरवायझरला बोलावलं, त्यानं ओरडल्यावर पाचात एखादा पडायचा. पण सुलाबाईच्या आवाजाला तोड नव्हती. एकदा म्हटलं की एकदा पडणार. साहेबांनी अमृतला सांगितलं, आईचा आवाज फोनवर भरून आण.

आवाजच भरायचा होता, तरी सुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, केसाला तेल लावून बसली. पूजानं मोबाईल धरला. पण सुलाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. उगंच हवेला कसं म्हणू, म्हणाली, त्येच्या हातात कायतरी द्या. अमृतच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिनं खणखणीत आवाजात म्हटलं आणि तांब्या घरंगळत अंगणात गेला. तो आवाजही त्यात भरला गेला. पुढं महिनाभर तपासणीच्या खोलीत बटण दाबलं की सुलाबाई ओरडायची, तांब्या वाजायचा, लॅपटॉप पडायचा. प्लॅस्टिकची बॉडी तडकायची, धातूची असली तर पोचा यायचा आणि झाकण मिटायचं नाही. साहेबांनी कोपरा जाड करून बघितला, आतून आधार दिला, बिजागरीचे स्क्रू सरकवले, आणि दर खेपेला सुलाबाईला बोलतं केलं.

तिला भूषण वाटायला लागलं. दळणाला गेली तरी सांगायची, माझ्या आवाजावर कंपनी चालती. का चालते हे तिनं कधी विचारलं नाही आणि अमृतनं सांगितलं नाही. पूजाच्या मात्र तांब्या पडला त्याच दिवशी लक्षात आलं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं जमिनीकडं बघितलं.

शेवटी एका शनिवारी नवी बॉडी आली. बटण दाबलं, आवाज झाला, लॅपटॉप पडला, गरकन फिरला, आपटला. साहेबांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तडा नाही. दहा वेळा पाडलं तरी नाही. खोलीत पेढे आले आणि साहेबांनी पहिला पेढा अमृतच्या हातात दिला. मग बाजूला घेऊन म्हणाले, “अमृत, मी महिनाभर बघतोय. तुझ्या हातात काहीही दोष नाही. कुणी बोललं नाही, तर या खोलीत तुझ्याएवढा घट्ट हात कुणाचा नाही.”

हे वाक्य घेऊन अमृत घरी आला. मोटरसायकलवर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कंपनीत हे वाक्य सोपं होतं. घरी ते कुणाला सांगायचं तो प्रश्न होता. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? जिनं आयुष्यभर जपलं तिला म्हणायचं, तुझ्या जपण्यानंच पडतं?

सुलाबाई सोप्यात मांडी घालून प्रांजलला घेऊन बसली होती. पूजा शेंगा फोडत होती. अमृत हातपाय धुऊन आईसमोर बसला आणि हात पुढं केले. सुलाबाईनं तोंड उघडलं.

“आई, एकदा गप बसून दे,” अमृत म्हणाला. “तू बोललीस की पडतं. कंपनीत त्येच बघत्यात. तुझा आवाज लावत्यात आन् माझ्या हातनं पडतं. आवाज न्हाई लावला तर पडत न्हाई.”

सुलाबाईला आधी कळलं नाही. तिनं पूजाकडं बघितलं, ही तरी हसेल, चेष्टा चाललीय म्हणेल, म्हणून. पूजा हसली नाही.

“व्हय, आत्ती,” ती हळूच म्हणाली.

सुलाबाईनं नातीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, “म्हंजे येवढ्या वर्सांच्या घागरी मी फोडल्या?”

आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं अमृतला वाटून गेलं. आईचा चेहरा असा एवढासा झालेला त्यानं कधी बघितला नव्हता.

सुलाबाईनं पदराचं टोक घेतलं, गोळा केलं आणि दातात घट्ट धरलं. मग दोन्ही हातांनी नात उचलली आणि लेकाच्या हातात ठेवली. आपले हात मात्र तिनं लगेच काढले नाहीत. खाली तसेच पसरून ठेवले. पदर चावता चावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकपुड्या फुलल्या, घशात काहीतरी गुरगुरलं, पण शब्द बाहेर आला नाही. बोलणाऱ्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते पूजानं त्या दिवशी बघितलं आणि सासूबद्दल तिला पहिल्यांदा माया वाटली.

पोरगी जड होती. अमृतला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड, आणि ऊनऊन. तिनं बापाकडं बघितलं, जांभई दिली, त्याचा सदरा ओला केला आणि झोपून गेली. तो हलला नाही. थोड्या वेळानं सुलाबाईनं एक हात काढला. मग दुसरा. अमृतचे हात तिथंच होते.

शेंगा फोडून झाल्या. चुलीवर भाकरी टाकायची वेळ झाली. प्रांजल जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. पूजा पदर सावरून पुढं आली आणि तिनं पोरीला घ्यायला हात लावला, तर अमृतची बोटं सुटेनात. तिनं एक बोट उचलावं तर दुसरं घट्ट व्हावं. पोरगी रडून लाल झाली तरी बाप आपला बघत बसलेला.

सुलाबाईनं दातातला पदर काढला.

“आरं सोड की आता,” ती म्हणाली.