दादाचं मत

त्या ऑक्टोबरात आमच्या ऑफिसात सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळत होतं, "नोव्हेंबरनंतर बघू." नवीन माणूस घ्यायचा का, प्रोजेक्ट पुढे न्यायचं का, पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या, सगळं नोव्हेंबरनंतर. मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवायच्या मशिनींवर काम करते. या मशिनी कुठल्या देशाला विकायच्या आणि कुठल्या नाही, यात अमेरिकेचा शब्द जड असतो. आमच्या गटाचं बरंचसं काम ज्या गिऱ्हाइकांसाठी होतं, ती नेमकी त्या वादात अडकलेली. तिथे नोव्हेंबरातल्या निवडणुकीत दोन उमेदवार अध्यक्षपदासाठी भांडत होते आणि इथे आम्ही कॉफी मशिनपाशी उभे राहून त्यांची भाषणं मोजूनमापून बघत होतो. मी तर फारच. माझं इथलं राहणं नोकरीच्या परमिटवर आहे. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. मुलगी सहा वर्षांची असताना इथे आली, आता बारा वर्षांची. ती स्वप्नंसुद्धा डचमध्ये बघत असणार.

दोघांपैकी एक उमेदवार अध्यक्ष झाला तर आमचं काम बंद पडेल, अशी माझी खात्री झाली होती. ती कशावरून झाली, हे आज मला नीट सांगता येणार नाही. त्याच्या एका मुलाखतीतली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा ऐकली होती, एवढं आठवतं.

नवरा तेव्हा कामासाठी तीन आठवडे तैवानला गेला होता. घरी मी, मुलगी आणि बाबा. बाबा वर्ध्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. चौतीस वर्षं शाळामास्तर होते आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्राचे अध्यक्ष. आणि योगायोग असा, की माझा मोठा भाऊसुद्धा त्याच वेळी इथे होता. तो वीस वर्षं अमेरिकेत आहे, दोन वर्षांपूर्वी तिथला नागरिक झाला. कंपनीनं सहा महिन्यांसाठी त्याला इकडे पाठवलं होतं. बायको-मुलं तिकडेच ठेवून तो जवळच्या बेस्ट नावाच्या गावात फ्लॅट घेऊन राहायचा आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. परदेशात असला तरी त्याला टपालानं मत देता येत होतं. अध्यक्षपदासाठीचं त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं मत.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोन्ही उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादविवादाचं रेकॉर्डिंग लावलं. मुलीला शाळेतून काम दिलं होतं. बाईंनी एक तक्ता दिला होता: प्रश्नाचं उत्तर दिलं का, दुसऱ्याला बोलू दिलं का, चूक कबूल केली का. प्रत्येक प्रश्नानंतर ती खुणा करत होती. बाबा तिच्या शेजारी चष्मा सावरून बसले होते.

"नो आन्सर," ती म्हणाली. "पुन्हा नो आन्सर."

"बरोब्बर. लिही बेटा," बाबा म्हणाले.

दादा हसला. "बाबा, वर्गाचा मॉनिटर निवडायचा नाहीये. देश चालवायचाय. समोर दहा शत्रू उभे असतात तेव्हा किती नम्रपणे बोलला, हे कोण बघतं?"

"मग तू काय बघतोस?" मी विचारलं.

"दबाव आला की माणूस उभा राहतो की नाही, ते. निर्णय घेतो की समिती नेमतो, ते." आणि त्यानं पडद्याकडे बोट केलं. ज्याची मला धास्ती होती, तोच उमेदवार बोलत होता. "हा निदान जे करणार ते तोंडावर सांगतो."

"तो जे करणार त्यात माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी जाईल म्हणून तिथल्या शेतकऱ्यानं, कामगारानं, माझ्यासारख्यानं मत बदलायचं?"

"शेतकऱ्याचं नाही म्हणत मी. तुझं म्हणतेय. माझ्या सख्ख्या भावाचं."

"हे बघ, तू इथे बसून तिथला नेता जोखतेस. तिथे दवाखान्याची रांग मी लावतो, टॅक्स मी भरतो, माझी पोरं तिथल्या शाळेत जातात. शाळेत कुणी गोळीबार केला तर कसं लपायचं, याचा सराव करतात ती. तू एकच गोष्ट बघतेस. स्वतःची."

मुलीनं पेन खाली ठेवलं होतं. तिला मराठी सगळं कळतं, भांडण तर जास्तच कळतं. बाबांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "चहा कर," ते मला म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅससमोर नुसतीच उभी राहिले.

निघताना दादानं बॅगेतून एक पाकीट काढलं. मतपत्रिका आत, बंद केलेली, बाहेरच्या पाकिटावर त्याची सही. सकाळीच भरली होती म्हणे. सोमवारी पहाटे त्याला जर्मनीत आठवडाभराच्या कामाला जायचं होतं.

"उद्या पोस्टात देशील? वेळेत पोचायला हवं."

"देते," मी म्हणाले. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. भांडण संपलं, असं त्याला वाटलं असावं.

इथे पोस्टाचं वेगळं ऑफिस नाही. चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात मागे एक काउंटर आहे, तिथे पाकीट द्यायचं. माझ्या सायकलच्या वाटेवरच आहे ते दुकान. सोमवारी सकाळी मी तिथे थांबले. दुकान उघडायला दहा मिनिटं होती. पाऊस भुरभुरत होता. नऊला मीटिंग आहे, संध्याकाळी देऊ, असं स्वतःला सांगून मी निघाले. मीटिंगला तसा वेळ होता.

संध्याकाळी दुकान उघडं होतं. आत दिवे लागले होते, काउंटरवर एकच म्हातारे गृहस्थ उभे. मी सायकलवरून उतरलेसुद्धा नाही.

पाकीट सायकलच्या मागच्या पिशवीत राहिलं. मंगळवारी ते ओलं होऊ नये म्हणून मी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. हे मला आजही समजत नाही. पाठवायचं नव्हतं, तर जपलं कशाला? एक मत, एवढ्या मोठ्या देशात एक मत, असं मनात घोळत होतं. लगेच दुसरा विचार यायचा, की त्याच्या राज्यात चुरस होती, तिथे म्हणे थोड्या मतांनी पारडं फिरतं. म्हणजे एका मतानं काही होत नाही म्हणून न पाठवणं माफ, आणि एका मतानं बरंच काही होतं म्हणून न पाठवणं गरजेचं. दोन्ही बाजूंनी मी मला हवं तेच उत्तर काढत होते. ऑफिसात त्याच दिवशी आमच्या शेजारच्या गटातल्या एका कंत्राटी मुलीचं टेबल रिकामं झालं.

बुधवारी जेवताना बाबांनी विचारलं, "दादाचं पाकीट गेलं ना गं?"

"गेलं," मी म्हणाले.

मी बाबांशी शेवटचं खोटं कधी बोलले होते ते आठवेना. त्यांनी मान हलवली आणि वरणभात कालवायला लागले.

गुरुवारी माझ्या सायकलचं चाक बसलं, म्हणून मी बसनं गेले. संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. हातांना काळं लागलेलं. मी दमून येईन म्हणून त्यांनी पंक्चर काढायला घेतलं होतं आणि पंप शोधताना मागची पिशवी रिकामी केली होती. समोर टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते पाकीट.

"बस," ते म्हणाले.

मी कोट न काढता बसले. मुलगी वर तिच्या खोलीत होती.

"मला वाटलं, तू विसरली. मग हे प्लास्टिक पाहिलं. विसरलेला माणूस गुंडाळून ठेवत नाही."

मी रडायला लागले. नोकरी, परमिट, पोरीची शाळा, सगळं एका दमात सांगितलं. तो उमेदवार कसा आहे, काय काय बोलला, हेही सांगितलं. बाबांनी मध्ये तोडलं नाही.

"तू म्हणतेस तसा असेलही तो वाईट," ते शेवटी म्हणाले. "मलाही काही पटला नाही. पण एक सांगतो. तू लहान होतीस तेव्हा माझी बदली झाली होती, आठवते? आडगावात, दोन वर्षं. ती ज्यानं केली, तो माणूस पुढे निवडणुकीला उभा राहिला. आणि माझी ड्यूटी लागली त्याच्याच गावात. गावानं दिवसभर त्यालाच मतं दिली, लोकांच्या बोलण्यावरून मला तिथे बसून कळत होतं. संध्याकाळी जीप नाल्यात फसली. मी मतपेटी डोक्यावर घेतली आणि कंबरभर पाण्यातून पलीकडे नेली. शिपाई म्हणाला, गुरुजी, सोडा ना, कोण पाहतंय. मी त्याला शिवी दिली. आयुष्यात दिलेल्या दोन-तीन शिव्यांपैकी एक."

थोडा वेळ ते हाताचं काळं पुसत राहिले.

"तुझ्या हातून हे झालं, याचं मला दुःख आहे. तो निवडून येईल की नाही, त्याचं नाही. लाव दादाला फोन."

मी फोन लावला. बाबांनी स्पीकर सुरू करायला लावला. मी सरळ सांगितलं, की पाकीट पाठवलं नाही, विसरले नाही, मुद्दाम पाठवलं नाही.

"का?" दादानं विचारलं.

"तू त्याला मत दिलंस म्हणून."

"कोणाला?"

"तूच म्हणालास ना रविवारी. निर्णय घेतो, तोंडावर सांगतो..."

"मी वाद घालत होतो. तुम्ही सगळे एका बाजूला होता म्हणून दुसरी बाजू मांडत होतो. माझं मत पाकिटात आहे. ते तू उघडून बघितलंस?"

"नाही रे!"

"मग तुला माहीत नाही. तुला काहीच माहीत नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पाकिटाला आता हात लावू नकोस. बाबांकडे दे. मी उद्या येतो."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तो दारात होता. अडीच तास गाडी चालवून आलेला, दाढी वाढलेली. आत आला नाही. बाबांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं उलटसुलट करून चिकटवलेली कड तपासली, माझ्या देखत. ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. मग आइंडहोवनला जाऊन त्यानं ते कुरियरनं पाठवलं आणि तसाच जर्मनीला परत गेला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मतपत्रिका पोचली की नाही हे त्याच्या राज्याच्या वेबसाइटवर कळत होतं, पण ते बघायला त्याचा मतदार क्रमांक लागायचा आणि मी त्याला फोन करायला धजत नव्हते. शनिवारी काही नाही. रविवारी तो जेवायला आला नाही. बाबा सोमवारी सकाळी रोजची वंदना म्हणून झाल्यावर फोन घेऊन बसले, दुपारपर्यंत फोन खिशातून काढून बघत होते. मी ऑफिसात एकच ओळ चार वेळा वाचत होते. उमेदवारांचा विचार मनातून पार गेला होता. कोण येणार, माझं काय होणार, काही नाही. फक्त ते पाकीट पोचू दे. मंगळवारी संध्याकाळी बाबांच्या फोनवर दादाचा मेसेज आला, एक शब्द: "मिळालं." बाबांनी मोठ्यानं वाचला आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

निकालाच्या दिवशी सकाळी ऑफिसात सगळे फोनमध्ये डोकं घालून बसले होते. जो यायचा तो आला. आमच्या गटाचं काम बंद पडलं नाही, थोडं बदललं. काही जणांना मात्र दुसरीकडे जावं लागलं. ते अध्यक्ष बदलल्यामुळे की आधीच ठरलेलं, यावर अजून एकमत नाही. मी ज्या दोन वाक्यांवरून त्या माणसाला पुरतं ओळखल्याच्या थाटात होते, त्यातलं एक खरं निघालं, एक नाही.

बाबा नोव्हेंबरच्या मध्याला परत गेले. त्यांना विमानतळावर सोडायला दादा गाडी घेऊन आला. जाताना बाबा पुढे बसले होते, त्यामुळे बोलणं होत राहिलं. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच.

मीच म्हणाले, "कुणाला दिलंस ते विचारत नाही. कसं ठरवलंस, ते सांगशील?"

"दोन तास पेन घेऊन बसलो होतो," तो म्हणाला. "दोघंही मला मोठे नेते वाटत नव्हते. टीव्हीवर बोलणं सोपं आहे, कणखर हवा, निर्णय घेणारा हवा. कागद समोर आला की तसं होत नाही. मग विचार केला, दोघंही चुका करणारच. कोणाच्या चुका आपल्याला नंतर दुरुस्त करता येतील? त्याला दिलं. बरोबर की चूक, माहीत नाही. पण दोन तास मी तुझा पण विचार केला होता. तुझ्या नोकरीचा. तुला वाटतं तेवढा काही..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

"सॉरी दादा," मी म्हणाले. त्याआधीही मेसेजवर म्हणाले होते, पण समोरासमोर पहिल्यांदाच.

"मला राग मताचा नाही आला," तो म्हणाला. "तू मला न विचारता माझ्याबद्दल ठरवून टाकलंस, त्याचा आला. अजून आहे."

त्यानं मला घरासमोर सोडलं. आत ये म्हटलं तर काम आहे म्हणाला. मधला एक रविवार तसाच गेला. त्यानंतरच्या रविवारी तो आला, मुलीसाठी स्ट्रोपवाफल या डच बिस्किटांचं पाकीट घेऊन, आणि जेवताना मीठ कमी आहे म्हणाला. राजकारणाचा विषय कोणीच काढला नाही. मुलीनं मात्र त्याला विचारलं, की तिच्या तक्त्याप्रमाणे त्यानंही मार्क दिले होते का. त्यानं तिच्याकडून तक्ता मागून घेतला आणि जेवण थंड होईपर्यंत तिच्याबरोबर एकेक रकाना वाचत बसला.