दादाचं कुलूप

आमच्या शेजारच्या गाळ्यात कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं दुकान. त्याचा थोरला मुलगा म्हणजे दादा. अख्खी गल्ली त्याला दादाच म्हणायची, कारण दुसऱ्या कुठल्या नावाला तो ओ देत नसे. जन्मात त्याने दोनच कामं मन लावून केली: लोकांना सल्ले देणं आणि वस्तू हरवणं. कुलूपवाल्याच्या या पोराला स्वतःच्या घराची किल्ली कधी वेळेवर सापडली नाही. दुकान सांभाळलं ते धाकट्या बहिणीने. कानस चालवून चालवून तिची बोटं कायमची काळवंडली होती.

म्हातारा गेला. मृत्युपत्रात दोघांना सारखा वाटा, पण सगळा कारभार ‘थोरला म्हणून’ दादाकडे. जन्मभर कुलपं पारखणाऱ्या माणसाला पोटचा पोरगा पारखता येऊ नये, याचा मला अजूनही राग येतो.

दादाने कारभाराचा पार बोऱ्या वाजवला. बँकेचे कागद बसमध्ये विसरला. बिल भरायचं राहिलं म्हणून दुकानाची वीज तुटली. वर छाती फुगवून फिरायचा, की बाबांच्या माघारी सगळं मीच निस्तरतोय! शेवटी तर त्याने दुकान एका मित्राला मातीमोल भावात विकायचं परस्पर ठरवलं आणि दाराला भलंमोठं नवं कुलूप ठोकलं.

बहीण धावत आली. “दादा, मला एका शब्दाने विचारायचंस तरी!”

“घरात मोठा मी आहे, छोटे. मी कोणाला विचारत नसतो.”

असलं कुलूप ती गप्पा मारता मारता उघडायची. पण ती आधी वकीलबाईंकडे गेली, हे बरं झालं.

“आधी विक्रीला मनाई मागू,” बाई म्हणाल्या. “मग त्यांच्याकडून हिशेब मागू आणि कारभार काढून घ्या म्हणून अर्ज करू. पण तोवर त्या कुलपाला हात लावू नका. उघडलंत, तर चोर तुम्ही ठराल.”

विक्री थांबली, पण निकाल येईपर्यंत बहीण माझ्या पायरीवर बसून लोकांच्या किल्ल्या घासत राहिली. समोर ते कुलूप. मला बघवत नसे.

कोर्टात दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. न्यायाधीशांनी विचारलं, “दुकान विकायचं ठरवताना बहिणीची संमती घेतली होती?”

त्याच्या वकिलाने डोळे वटारले, पण दादा कसला थांबतोय! “संमती? साहेब, मोठा मी आहे. मी कोणाला विचारत नसतो.”

वकीलबाईंना फारसं बोलावंच लागलं नाही. कारभार बहिणीकडे आला.

ताबा द्यायला कोर्टाचा माणूस आला, तेव्हा गल्ली गोळा झाली होती. “किल्ली द्या,” तो म्हणाला. दादाने सगळे खिसे चाचपले, पाकीट उलटं केलं, घाम पुसला. किल्ली नव्हती.

कोर्टाचा माणूस वैतागला. “मग कुलूपवाल्याला बोलवा ना कोणीतरी!”

मी खो खो हसलो. हसू नये अशी जागा होती, तरी हसलो.

दादा चपलांकडे बघत राहिला. मग पुटपुटला, “छोटे, जरा उघडून देतेस का?”

तिने कोर्टाच्या माणसाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने तार घातली, कुलूप उघडलं आणि ते दादाच्या हातात ठेवलं.

“हे तुझं,” ती म्हणाली. “किल्ली करून हवी असेल तर उद्या ये. दुकान उघडं असेल.”