राखून ठेवलेला निकाल

उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या, आमच्या जिल्ह्यातल्या एका न्यायमूर्तींचा आदिलाबादेत सत्कार ठरला. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुस्तकं वाचणारा माणूस अशी माझी बदनामी आहे. समितीचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांना 'न्यायाचा हिमालय' हवा होता.

"आपल्याकडं टेकडी पुरेल," मी म्हटलं.

"हासू नका सर. येवढ्या वर्षांत एक डाग नाई त्याहीच्यावर."

ते खरं होतं. न्यायमूर्तींनी कोणाचा पैसा खाल्ला नाही. पण तलमडुगूजवळचं माझ्या मावशीचं वावर दिराच्या पोरांनी अडवलं, तो दावा यांच्यासमोर होता. दोन्ही वकील बोलून संपले, यांनी निकाल राखून ठेवला आणि तो न देताच निवृत्त झाले. आता नव्या न्यायमूर्तींपुढे सगळं पहिल्यापासून. तोवर जमीन 'जैसे थे', म्हणजे पेरायची कोणीच नाही. बाभळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत.

मानपत्रात मी एक वाक्य घातलं : ऐकून झालेल्या काही दाव्यांचे निकाल द्यायचे राहिले. अध्यक्षांनी ते खोडलं. "अशा टायमाले हे काऊन काढून राह्यले?" कोणत्या टायमाला काढावं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंगल कार्यालयात मराठी, तेलुगू आणि उर्दूतून हिमालय उंचावत गेला. मग लोक पाया पडायला रांगेत उभे राहिले. मावशीही राहिली. मी तिच्या मागे.

तिनं नमस्कार केला, पण वाकली नाही. "साहेब, माह्या वावराची केस तुमी सारी आयकली. कागदावर नाई देल्लं तं नाई. तुमाले काय वाटलं तेवढं सांगा. मी हारली असन तं तसं सांगा. मी मोकळी होतो."

न्यायमूर्ती छान हसले. "आजी, तो विषय आता माझ्या अधिकारात नाही." आणि हारातलं एक फूल काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं.

कायद्यानं ते बरोबर होते, हे मला कळत होतं. म्हणूनच खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. अधिकारात होता तेव्हा हा विषय महिनोन्‌महिने त्यांच्याच टेबलावर पडून होता. त्या काळात त्यांनी न्यायदानातल्या विलंबावर व्याख्यानं दिली. अध्यक्षांनी ती कौतुकानं मला वाचायला पाठवली होती.

जेवण न करता आम्ही निघालो. बसस्टँडवर मी हैदराबादच्या वकिलाला फोन लावला आणि मावशीला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"काळजी करू नका," वकील म्हणाले. "नवे न्यायमूर्ती तरुण आहेत. निवृत्तीला त्यांना पुष्कळ वर्षं आहेत."

मावशी फोनकडे तोंड करून म्हणाली, "अन् मले?"