मामांना भाजत नाही

आमचे मामा कपड्यांना इस्त्री करतात. इस्त्री तापली की नाही, हे गालाजवळ धरून ठरवतात आणि उकळता चहा पाण्यासारखा घशाखाली ओततात. हाताला फोड आला तरी विचारणार, "शर्टाला काही झालं नाही ना?"

त्यांच्या जबड्याखाली कॅन्सरची गाठ निघाली. कापून काढायची तर आवाजाची नस जाण्याची भीती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. सोन्याचा मुलामा दिलेले नॅनोकण, केसाहूनही कितीतरी बारीक, शिरेतून सोडायचे. ते गाठीत जाऊन साठतात. मग बाहेरून लेझरचा किरण टाकायचा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत पोचतो, कण तापतात आणि गाठ आतल्या आत भाजून निघते.

"मला साधं कानातलं केलं नाहीत," मामी म्हणाली, "आणि स्वतः आतून मढवून घेताय!"

"गाठ जळली की वेचून घे," मामा म्हणाले.

गाठीच्या आतलं तापमान तिथे टोचलेली सुई दाखवायची. वरच्या कातडीची राखण मात्र मामांकडे होती. चटका बसला की बोलायचं, बस्स. पहिल्या खेपेला बाई विचारत राहिल्या, "गरम लागतंय?"

"कोमट," मामा म्हणत राहिले.

किरण मध्येच बंद करावा लागला, तेव्हा मानेवर टपोरा फोड होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अर्धी गाठ शिल्लक आहे. पुन्हा असं केलंत तर चाचणीतून काढावं लागेल. मग ऑपरेशनच."

त्या दिवसापासून मामीने तालीम सुरू केली. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून विचारायची, "गरम लागतंय?" मामा खाली बघायचे.

"अहो, म्हणा की! कोण ऐकतंय?"

समोर दोन गिऱ्हाइकं ऐकत होती.

दुसऱ्या खेपेला मी आणि मामी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आत यंत्राची घरघर चालू होती, मामांचा आवाज नव्हता. मामी पिशवीचा बंद पिळत होती.

"भाजतंय!" आतून मामा ओरडले.

घरघर थांबली. जरा वेळाने सुरू झाली. पुन्हा "भाजतंय!"

असं थांबत थांबत काम पुरं झालं. कातडी शाबूत राहिली. उरलेल्या गाठीचं काय झालं, ते पुढचा स्कॅन सांगेल, असं बाई म्हणाल्या.

मी चहा आणला. मामांनी कप ओठांना लावला आणि खाली ठेवला.

"फार गरम आहे."

मामीने पिशवी उचलली. "घ्या. आता हे जन्मभर ऐकायचं."