कावीळ म्हणून दिलेला डाग

दादानं ठरवलं, आईला कावीळ झाली असंच सांगायचं. लिव्हरचा कॅन्सर हा शब्द घरात कुणी काढायचा नाही. का, तर ती खचेल. अहो, एकटीनं शेत कसून आम्हाला शिकवलेली बाई ती, एका शब्दानं खचणार होती म्हणे! मी तोंड उघडलं की दादा डोळे वटारायचा. पाव्हण्यारावळ्यांनाही कावीळच सांगितली.

सोमवारी कॅन्सरचं पहिलं इंजेक्शन होतं. त्याआधी रक्त तपासलं. अंगात कुठं दाह चाललाय का, हे दाखवणारी सीआरपी नावाची तपासणी असते. या आजारात ती थोडी वाढलेली असतेच, जितकी कमी तितकं बरं, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण या वेळी आकडा पार वर गेलेला. नुसत्या आजारानं आठवड्यात एवढं वाढत नाही, कुठंतरी जंतुसंसर्ग असणार, तो सापडल्याशिवाय इंजेक्शन देणार नाही, असं त्या म्हणाल्या. छातीचा फोटो काढला, लघवी तपासली. काही सापडेना. दादा लॅबवाल्यांवरच घसरला.

शेवटी बाईंनी आईला नीट तपासायला घेतलं आणि झंपरची लांब बाही वर सारली. मनगटाच्या वर लुगड्याची चिंधी बांधलेली. ती सोडली तशी घाण वास आला. खाली भाजल्याची जखम, पुवानं भरलेली.

मागल्या आठवड्यात फुलंब्रीचा मामा भेटायला आला होता आणि आईला दोन दिवस माहेरी घेऊन गेला होता. बहिणीला कावीळ म्हटल्यावर आमच्याकडं करतात तेच त्यानं केलं. तापलेल्या सळईचा डाग देववला. वर पोरांना सांगू नको म्हणाला, शहरातली आहेत, ओरडतील. मामावर कशी चिडू? त्याला तरी खरं कुणी सांगितलं होतं?

जखम भरेपर्यंत इंजेक्शन लांबलं. तोवर कॅन्सर काय आमच्यासाठी थांबणार होता? आणि एवढं होऊनही दादा माझ्या कानाशी लागला, आता तरी गप बस. माझं डोकंच फिरलं. तिथंच आईच्या खाटेवर बसले आणि तिला सगळं खरं सांगून टाकलं.

ती रडली नाही. हाताकडं बघत राहिली. मग दादाकडं वळली.

"मला ठाऊक असतं, तर मी हात पुढं केला असता का रं?"