माईंनी खाल्लेले माझे रविवार

आमच्या सासूबाई, म्हणजे माई, रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या उशाशी येऊन उभ्या राहायच्या. हाक मारायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. पायात सासऱ्यांचे जुने कॅनव्हासचे बूट, चवड्यात कापूस कोंबलेला, पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली, खांद्याला नातीची वॉटरबॅग. डोळे मिटलेले असूनही मला कळायचं की त्या उभ्या आहेत, आणि त्यांनाही कळायचं की मला कळलंय. दोन-तीन मिनिटं अशी गेली की म्हणायच्या, "झोप हो, नीला. मी काही म्हटलं का?" यानंतर कुठली सून झोपेल?

माई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतरचा तो हिवाळा आठवला की आजही माझी पोटरी दुखते.

सुरुवात डॉक्टरांनी केली. साखर वाढली म्हणून त्यांनी माईंना रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आम्ही अंधेरीला, सात बंगल्याच्या बाजूला राहायचो. बिल्डिंगभोवती छान फरसबंदी होती. माईंनी दोन दिवस फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "घाण्याला जुंपल्यासारखं गोल गोल काय फिरायचं? चालायचं तर कुठेतरी पोचायला हवं." त्या रविवारी त्या वर्सोव्याच्या चौपाटीवर गेल्या, तिथून कोळ्यांच्या होडीनं खाडीपलीकडे मढला उतरल्या आणि उत्तरेकडे तोंड करून चालू लागल्या. दुपारी अक्सा बीचवरून एका अनोळखी दुकानदाराचा आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. तुमच्या आजी इथे बसल्यात आणि घरी जायचं कसं ते विचारतायत.

माझा नवरा श्रीकांत लगेच म्हणाला, "तू जात जा ना तिच्याबरोबर. मी मुलीला बघतो." घरात नुकताच रंगीत टीव्ही आला होता. मुलीला बघणं म्हणजे दोघांनी मिळून टीव्ही बघणं. मी मरोळच्या एका कंपनीत टायपिस्ट होते, आठवड्याचे सहा दिवस. सातवा दिवस माईंनी खाल्ला.

त्यांचे नियम होते. मागच्या रविवारी जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं, एक पाऊलही सोडायचं नाही. परत यायला बस, गाडी, टांगा काहीही चालेल; पुढे जायला फक्त पाय. खाडी आली तर होडी, "कारण पाण्यावर चालता येत नाही." हे त्या अशा सुरात सांगायच्या, जणू येत असतं तर मला तेही करावं लागलं असतं. मी थकून वाळूत बसले की समोरच्या सुरूच्या बनाकडे किंवा एखाद्या खडकाळ टोकाकडे बोट दाखवायच्या, "तेवढं ते टोक गाठू, मग बघू." टोक गाठलं की पलीकडे दुसरं टोक असायचंच. मनोरीला एका ख्रिस्ती बाईंनी आम्हाला विहिरीचं गार पाणी दिलं आणि कौतुकानं विचारलं, "कुठं निघाल्यात आजी?" माई म्हणाल्या, "सरळ."

थांबलेल्या जागेची खूण लक्षात ठेवणं त्यांच्याकडे. उत्तनला त्यांनी एका निळ्या होडीची खूण ठेवली. पुढच्या रविवारी होडी नाही.

"इथेच होती," मी म्हणाले.

"तिथे होती."

"माई, होडी समुद्रात जाते. होडीची खूण ठेवतं का कुणी?"

"मग आपण जरा मागून सुरुवात करू. म्हणजे वाद नको."

जरा मागून म्हणजे जवळजवळ गोराईपासून. तेच सगळं मी पुन्हा चालले, आणि उत्तनला पोचलो तर ती निळी होडी मी सांगितलेल्या जागी आरामात लागलेली. माई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आली वाटतं."

असं करत आम्ही वसई गाठली, भुईगाव, कळंब, अर्नाळा केलं, वैतरणेच्या मुखातून मच्छीमारांच्या होडीनं दातिवऱ्याला उतरलो. दर रविवारी घरून जाण्या-येण्यातच अर्धा दिवस जायचा. एडवणला माझ्या टाचेला फोड आला. केळव्याला तो फुटला. दडपे पोह्यांचा डबा मात्र दर वेळी माईच करायच्या, आणि मी खाईपर्यंत स्वतः घास घ्यायच्या नाहीत. त्यामुळे मला धड चिडताही यायचं नाही.

सातपाटीच्या पुढे खाडी आहे. ओहोटी होती, होडी पलीकडे मुरब्याला होती. माई म्हणाल्या, "पाणी कुठंय? हा तर चिखल. चिखलातून चालता येतं." आणि उतरल्या. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. मी ओढायला गेले, मीही आत. मासळी वाळत घालणारी एक कोळीण टोपली टाकून धावली आणि दोघींचे दंड धरून आम्हाला बाहेर ओढत ओरडली, "अगं म्हातारे, होडी काय शोभेला ठेवलीय का? आणि तू गं, तुला तरी अक्कल नको?" माईंचा एक बूट चिखलातच राहिला. कोळिणीनं तो काठीनं उपसून काढला, वर आणखी चार शब्द ऐकवले. माईंनी ते निमूट ऐकून घेतले. असं निमूट त्यांनी घरात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

होडीची वाट बघत बसलो आणि माझा संयम सुटला. "माझा एकच रविवार असतो, माई! मुलगी मला रविवारी बघत नाही. कुठं जायचंय तुम्हाला? एकदा सांगून तर टाका!"

माई बूट धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या वडलांच्या घरून समुद्र दिसतो का?"

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. माझं माहेर चिंचणी, तारापूरच्या जरा पुढे. वडील चांदीच्या दागिन्यांचे साचे कोरायचे. श्रीकांतची नि माझी जात वेगळी. आम्ही रजिस्टर लग्न केलं, माई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दार उघडलं आणि "ताटं वाढलीत" एवढंच म्हणाल्या. माझ्याशी त्या कधीच वाईट वागल्या नाहीत. पण माझ्या माहेराचं नाव सहा वर्षांत त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मी चिंचणीला गेले की शेजारी सांगायच्या, "ती बाहेरगावी गेलीय." माझे आईवडील बोलवायचे, त्या काहीतरी कारण सांगायच्या. त्या हिवाळ्याच्या दोन वर्षं आधी माझी आई गेली, तेव्हाही त्या आल्या नाहीत.

"दिसतो," मी म्हणाले. "गच्चीवरून."

"मग वाटेतच आहे."

"माई, गाडीनं दोन-अडीच तासांत पोचता येतं चिंचणीला."

"गाडीनं गेलं की पाहुणी म्हणून जावं लागतं. त्यांनी चारदा बोलावलं, मी चारदा नाही म्हटलं. आता पाचव्यांदा कोण बोलावणार?"

मला भरून वगैरे आलं नाही. मला संताप आला. "आई गेली तेव्हाही गाड्या होत्याच," मी म्हणाले. माईंनी ओला बूट पायात घातला. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. होडी आल्यावर मी त्यांना चढायला हात दिला नाही. आम्ही पलीकडे मुरब्याला उतरलो आणि तिथूनच घरी परत फिरलो.

पुढचे दोन रविवार मी उठले नाही. माई उशाशी आल्या नाहीत. बूट घालून गॅलरीत बसून राहिल्या, आणि नऊ वाजता बूट काढून भाजी चिरायला लागल्या. दोन्ही रविवारी तेच. श्रीकांत म्हणाला, "भांडलात का?" मी म्हणाले, "तू टीव्ही बघ." दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी वडलांना पोस्टकार्ड लिहिलं. सासूबाई चालत येत आहेत, बहुधा दोन रविवारांत पोचतील. आपल्याला माहीत होतं असं दाखवू नका. तिसऱ्या रविवारी मीच पहाटे उठून माईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्या जाग्याच होत्या.

मुरब्यापासून पुढचा पट्टा दोन रविवारांचा होता. तारापूरच्या अलीकडे किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं कुंपण आलं. पहारेकरी म्हणाला, "इथून जाता येणार नाही, गावातून फिरून जा." माईंनी त्याला विचारलं, "समुद्र पण तुमच्याच ताब्यात दिलाय का?" तो बिचारा हसला. मी हात जोडून त्याची माफी मागितली आणि माईंना आतल्या रस्त्याकडे वळवलं. तो वळसा त्यांना फार लागला. "एवढं सोडलं गेलं," असं दोन-तीनदा पुटपुटल्या.

चिंचणीच्या सुरूच्या बनातून गावात शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. माईंची चाल मंदावली. कधी नव्हे त्या म्हणाल्या, "जरा बसू या का?" बसल्या. रुमालानं तोंड पुसलं, खोचलेली साडी सोडून नीट केली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. मी म्हणाले, "घर समोरच आहे, माई. तेवढं टोक गाठू." त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि उठल्या.

वडील दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. आयुष्यात कधी नाटकात काम न केलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "अरे वा! काय आश्चर्य! तुम्ही इकडे कशा?" आतून कढीचा आणि ताज्या भाकरीचा वास येत होता. शेजारच्या काकू तीन माणसांची पानं मांडत होत्या. माईंनी ते सगळं बघून घेतलं, मग माझ्याकडे बघितलं. मी चपलांचे बंद सोडत बसले.

"वाटेत लागलं म्हणून आले," माई म्हणाल्या. मग बूट काढत, "फार उशीर झाला मला."

वडील म्हणाले, "चालत आलात ना. व्हायचाच."

आत बाहेरच्या खोलीत आईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. माई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी पाणी घेऊन गेले तर हळूच विचारलं, "यांचं नाव काय गं?"

सहा वर्षं. माझ्या हातातला तांब्या आपटावासा वाटला मला. "सुशीला," मी म्हणाले.

"सुशीलाताई," माई फोटोकडे बघून म्हणाल्या. फोटोखालच्या खुर्चीवर बसल्या, तांब्या घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. आईच्या वेळचं मी तेव्हा विसरले नव्हते आणि आजही विसरलेले नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. हात त्यांनी झटकला नाही, एवढंच.

संध्याकाळी वडील आम्हाला स्टेशनवर सोडायला आले. गाडीत बसल्यावर माई नेहमीसारख्या झाल्या. "तुझे वडील चहात साखर फार घालतात," म्हणाल्या. मग बूट काढून पाय वर घेऊन बसल्या. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. चिंचणी झालं, आता वरोर, मग डहाणू, आणि किनारा तर थेट गुजरातपर्यंत जातो. शेवटी न राहवून विचारलं, "मग माई, पुढच्या रविवारी डहाणू का?"

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुनेला खरंच अक्कल नाही.

"डहाणूला आपलं कोण आहे?" त्या म्हणाल्या.