ताईच्या पायाखालचा ब्रेक

आमची ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ताईला तो फारसा लागायचाच नाही. शिकणारा घामाघूम झालेला, आणि ही शेजारी मांडीवर हात ठेवून निवांत सांगणार, "घाबरू नका, गाडी चावत नाही." नवऱ्याकडून शिकताना रडकुंडीला आलेल्या बायका ताईकडे येऊन हसत हसत चालवायला लागायच्या.

मग तिला स्तनाचा कॅन्सर झाला. एक स्तन काढावा लागला. केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. जो तो घरी येऊन "सुटलीस बाई एकदाची" म्हणून चहा पिऊन गेला. मला एकेकाला दारातूनच परत पाठवावंसं वाटायचं. ताई कुठे सुटली होती? आंघोळीला गेली की आधी आरशावर टॉवेल टाकायची. पाठ दुखली की म्हणायची, हाडात गेला. पूर्वी भाऊजींच्या एका वाक्याला दोन ऐकवायची. आता ते बिचारे चेष्टा करून थकायचे आणि ही नुसती "हं" म्हणायची.

"मला परत गाडीत बसू दे, मग मी होईन नीट," एवढंच ती धरून होती. गेलीही कामावर. सीटचा पट्टा नेमका व्रणावर यायचा, म्हणून खाली रुमालाची घडी ठेवायची. पण आठवडाभरात तक्रारी आल्या. रस्ता मोकळा असला तरी मॅडम ब्रेक दाबतात! मालक भला माणूस. म्हणाला, "एकाला तरी शिकवून दाखवा, गाडी तुमचीच. नाहीतर ऑफिसात फोन घ्यायला बसा."

तो एक म्हणजे मी व्हायचं ठरवलं. रोज सकाळी त्याच रिकाम्या रस्त्यावर मी दुसरा गिअर टाकायची, ताई ब्रेक दाबायची आणि गचका बसून गाडी बंद पडायची.

"ताई, समोर कुत्रंसुद्धा नाहीये!"

"येईल."

एक दिवस माझं डोकंच फिरलं. "पाय वर घे बघू आधी!" म्हणून ओरडले. तिने निमूटपणे दोन्ही पाय सीटवर घेतले. गाडी निघाली. दुसरा गिअर, मग आयुष्यात पहिल्यांदा तिसरा! मी आनंदाने किंचाळले. शेजारी पाहिलं, तर ताई पट्टा घट्ट धरून, डोळे मिटून रडत होती.

"थांबव गं. सगळं नीट चाललं ना, की मला जास्त भीती वाटते. आता येणारच, असं वाटतं."

मी गाडी थांबवली. ती उतरली, चालत ऑफिसात गेली आणि मालकाला स्वतःच सांगून आली. मला फार वाईट वाटलं.

आता ती फोन घेते. डॉक्टरांनी झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या दिल्यात. झोप तेवढी लागते. परवा मी डबा द्यायला गेले, तेव्हा एक बाई चौकशीला आली होती. "मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली.

"घाबरू नका," ताई हसून म्हणाली, "गाडी चावत नाही."

बाई खूश होऊन गेली. मी डबा ठेवायला वाकले. टेबलाखाली ताईचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता, टाच उचललेली, पोटरी थरथरत होती.